ज्येष्ठांचं घरातलं पडणं टाळायचं, तर आधी पलंगापासून संडासापर्यंतची वाट सुधारा

घरातलं म्हातारं माणूस पडलं की "वय झालं, चालायचंच" असं म्हणून विषय मिटवला जातो. नुसतं वय हे पडण्याचं कारण नव्हे. रात्री घेतलेली झोपेची गोळी, लघवीची घाई, पॅसेजमधला अंधार आणि बाथरूमच्या दारातली ओली फरशी अशा तीन-चार गोष्टी एका क्षणी जुळून येतात आणि माणूस पडतो. यातली एखादी जरी काढून टाकली, तरी पुष्कळदा पडणं टळतं.

पासष्टीच्या पुढच्या साधारण दर तीन माणसांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून नुसतं खरचटलं असेल, तरी "काही लागलं नाही ना, मग झालं" म्हणून सोडून देऊ नका. अनेक जण पडल्याचं सांगतच नाहीत, कारण सांगितलं की फिरणं बंद होईल, मुलं रागावतील अशी धास्ती असते. रागावू नका. कुठे, केव्हा आणि काय करताना पडलात, एवढंच शांतपणे विचारा.

सगळं घर एका दिवसात सुधारायला जाऊ नका. सुरुवात रात्रीच्या वाटेपासून करा.

रात्रीची वाट

रात्री सगळे दिवे मालवा, त्यांच्या पलंगावर आडवे व्हा आणि उठून संडासापर्यंत चालत जा. चष्मा असेल तर तो काढून जा. पायाला काय लागतं, हात आधारासाठी कुठे जातो आणि तिथे धरण्याजोगं काही आहे का, हे लिहून काढा. दिवसा घर बघून यातलं काहीच लक्षात येत नाही.

पहिली अडचण पलंगाच्या उंचीची निघते. कडेला बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर राहिली पाहिजे. बहुतेकांना गादी दबल्यावर १८ ते २० इंच उंची बरी पडते. खाली सामान ठेवायच्या पलंगावर जाड गादी टाकली की उंची सहज २४ इंचांवर जाते. मग उतरताना पाय लोंबकळतात आणि माणूस घसरतच खाली येतो. अशा वेळी गादी पातळ करा. पलंग फार खाली असेल तर सुताराकडून पायांखाली लाकडी ठोकळे करून घ्या, मात्र पाय नीट बसेल अशी खोबण त्यात कोरलेली हवी. सुट्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. कडेला खचणारी मऊ गादीही वाईट, कारण उठताना जोर द्यायला तिथे टणकपणाच मिळत नाही.

मच्छरदाणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. खोचलेली कड सोडवून झोपेत पाय बाहेर काढताना तो जाळीत अडकतो आणि माणूस तोंडावर आपटतो. उतरायच्या बाजूला चेनची मच्छरदाणी घ्या, नाहीतर सरळ खिडक्यांनाच जाळी बसवा.

वाटेतल्या सतरंज्या, चार्जरच्या वायरी, एक्स्टेंशन बोर्ड आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवा. खाली अंथरूण घालून झोपणारा नातू किंवा रात्रीची आया असेल, तर त्यांचं अंथरूण वाटेच्या आड येत नाही ना, ते पाहा. बाथरूमपुढचं पायपुसणं काढून टाकू नका, ओली पावलं पुसायला ते लागतंच. ते पातळ, खाली रबर असलेलं हवं आणि त्याचे कोपरे वळलेले नसावेत. कोपरा वळू लागला की नवं आणा. जुन्या साडीची घडी पायपुसणं म्हणून टाकायची पद्धत बंद करा, ती गुळगुळीत फरशीवर पायासकट सरकते.

दिवा पलंगावरूनच हाताला लागला पाहिजे. बटण भिंतीवर लांब असेल, तर उशाशी येईल असं बटण इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. पॅसेजमध्ये हालचाल झाली की लागणारे छोटे दिवे जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवा. त्यांचा उजेड डोळ्यांवर न येता फरशीवर पडतो. बाथरूममधला दिवा रात्रभर चालू राहू द्या. ९ वॅटचा एलईडी रोज आठ तास जळाला, तरी महिन्याला दोन युनिटांच्या आसपासच जातो. वीज जात असेल, तर तिथेच बॅटरीवर चालू राहणारा बल्ब लावा.

आता उठण्याची पद्धत. जाग आल्यावर आधी कुशीवर वळायचं आणि हाताने रेटून बसायचं. बसून घोटे दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचे आणि मिनिटभर थांबायचं. मग उभं राहून पलंगाला किंवा खुर्चीला धरून दहा अंक मोजायचे आणि त्यानंतरच पाऊल टाकायचं. रात्री तीन-तीनदा उठावं लागत असेल, तर पलंगाशेजारी कमोड-खुर्ची किंवा लघवीचं भांडं ठेवा. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. उभं राहून लघवी करताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.

बाथरूम

साबणाचं पाणी, शिकेकाई आणि अंगाला लावलेलं तेल यांचा थर फरशीवर चढत जातो आणि नुसत्या पाण्याने तो निघत नाही. आठवड्यातून दोनदा डिटर्जंट टाकून ताठ ब्रशने फरशी घासा. तेल लावून आंघोळ असेल, त्या दिवशी लगेच घासा.

रबरी मॅटबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. खालच्या चोषकांनी (सक्शन कपांनी) धरणारी मॅट फक्त गुळगुळीत, सपाट फरशीलाच चिकटते. खडबडीत टाइलवर किंवा छोट्या टाइलच्या सांध्यांवर ती धरत नाही आणि उभं राहताच सरकते. शिवाय खालच्या बाजूला बुळबुळीत थर साचतो. मॅट वापरायचीच तर रोज उचलून, धुऊन, टांगून वाळवा. चिकटपट्टीसारखी खरखरीत टेप लावणार असाल, तर फरशी तेल-साबण काढून पूर्ण वाळवा आणि मगच लावा. कड सुटली की त्याच दिवशी बदला, नाहीतर तिलाच पाय अडखळेल. नवी फरशी घालायची असेल तर चकचकीत नको, बिनचकाकीची (मॅट फिनिश) टाइल घ्या आणि दुकानात आर-१० किंवा आर-११ दर्जा विचारा. आकडा जितका मोठा, तितकी घसरण कमी.

दाराशी ग्रॅनाइटचा एक-दोन इंच उंबरा असतो. तो फरशीच्याच रंगाचा असेल, तर अधू नजरेला दिसतच नाही. त्याच्या कडेवर पिवळी किंवा पांढरी पट्टी मारा.

आंघोळ बसूनच करू द्या. पाटावर नको, त्यावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. साधं प्लास्टिकचं स्टूलही नको, ओल्या फरशीवर त्याचे पाय फाकतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, पायांना रबरी टोप्या असलेलं, शक्यतो पाठ असलेलं १६ ते १८ इंचांचं स्टूल घ्या. बादली खाली ठेवली की दर तांब्याला वाकावं लागतं आणि वाकून वर येताना तोल जातो. म्हणून बादलीही एका बुटक्या, भक्कम चौरंगावर ठेवा किंवा हातात धरायचा शॉवर बसवा. भरलेली बादली त्यांनी उचलायची नाही. खूप कढत पाण्यानेही रक्तदाब उतरतो. आंघोळीनंतर लगेच उभं न राहता बसल्या जागी अंग पुसू द्या.

दाराला आतून घट्ट बसणारी कडी नको. बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच लावा. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दाराशीच पडला, तर त्याच्या अंगावर दार ढकलता येत नाही आणि मदत बाहेरच अडकते. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. सुतार हे काम एका दिवसात करतो.

भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर बसणारी कमोड-खुर्ची मिळते. तिचे पाय डुगडुगत नाहीत ना, ते पाहूनच घ्या. पाश्चात्त्य कमोड बुटका असेल, तर बैठक वाढवून एकूण उंची १७ ते १९ इंचांवर आणा.

आधाराची दांडी कशी बसवावी

टॉवेलचा रॉड आणि बेसिन हे आधार नव्हेत. तोल जाताना त्यांना धरलं की ते भिंतीतून उपटून निघतात. चोषकाने चिकटणाऱ्या दांड्याही विकत घेऊ नका, त्यांची हवा केव्हा सुटेल ते कळत नाही.

दांडी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची आणि सव्वा ते दीड इंच जाडीची घ्या. भिंत आणि दांडी यांत दीड इंच मोकळी जागा हवी. जागा कमी असेल तर बोटं बसत नाहीत, फार जास्त असेल तर हात आत घुसून अडकतो. कमीत कमी तीन ठिकाणी दांडी हवी: कमोडच्या बाजूला आडवी, आंघोळीच्या जागी आडवी किंवा तिरकी आणि बाथरूमच्या दाराशी उभी. आडव्या दांडीची पुस्तकी उंची ३३ ते ३६ इंच असते, पण पाच फुटांहून कमी उंचीच्या आजींना ती वर पडते. जे माणूस दांडी वापरणार त्यालाच कपड्यांसकट कमोडवर बसवा, उठायला सांगा आणि हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा.

बसवताना बहुतेक चुका भिंतीत होतात. टाइल आणि मागचं प्लास्टर मिळूनच जवळजवळ इंचभर जाडी होते. दोन इंचांचा स्क्रू मारला, तर विटेत जेमतेम इंचभरच जातो आणि तो कधीतरी सुटतो. तीन इंचांचा स्क्रू आणि १० मिलिमीटरचा प्लग वापरा.

१. नळ, गिझर आणि फ्लश टँक यांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत पाइप असतात. गिझरच्या बटणाच्या रेषेत वायर असते.

२. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल घसरत नाही. टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत राहा.

३. टाइल पार होईपर्यंत टाइलचं बिट वापरा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. हॅमर चालू असला तर टाइल तडकते. विटेत शिरल्यावर दगडी कामाचं बिट लावून हॅमर चालू करा.

४. भोकातली धूळ फुंकून काढा, प्लग बसवा, स्क्रू आवळा आणि तळाच्या चकतीभोवती सिलिकॉन भरा. पाणी आत गेलं की स्क्रू गंजतो.

५. घरातल्या धडधाकट माणसाने सगळा भार टाकून दांडीला लटकून पाहावं. ती किंचितही हलली, तर वापरायला देऊ नका.

नव्या इमारतींत आतल्या भिंती पुष्कळदा सिपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या असतात. ठोकल्यावर बद्द आवाज येतो आणि ड्रिलमधून पांढरी भुकटी पडते. त्यात साधा प्लग नुसता गरगर फिरतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवायचा बोल्ट लागतो, नाहीतर भिंतीच्या पलीकडे पट्टी ठेवून आरपार बोल्ट. हे काम हार्डवेअरच्या दुकानातून माणूस बोलावून स्वस्तात उरकू नका, केमिकल अँकर बसवायची सवय असलेलाच कारागीर शोधा.

गोळ्या, रक्तदाब, डोळे

दांड्या बसवून झाल्या की घरचे निश्चिंत होतात आणि औषधांची पिशवी तशीच राहते. ही चूक फार महागात पडते.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर हे करून पाहा. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी एकाने धरून उभं राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते पडण्याचं मोठं कारण आहे. तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुतेकदा बसवूनच रक्तदाब मोजतात, त्यामुळे ही घसरण तिथे दिसत नाही.

सगळ्या गोळ्या, अगदी सर्दीच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. त्यांना थेट विचारा, "यातल्या कुठल्या गोळीने तोल जाऊ शकतो?" अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची काही औषधं यांकडे खास लक्ष हवं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी असेल, तर सकाळी चालेल का, तेही विचारा. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी अचानक तोडली, तर फिट येण्यापर्यंत मजल जाते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना एकादशीचा निरंकार उपवास केला, तर साखर उतरून माणूस कोसळू शकतो. उपवास करायचाच असेल, तर त्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांचे तळवे बधिर होतात. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. शाकाहारी किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांची बी-१२ची पातळी एकदा तपासून घ्या, ती कमी असेल तरी पाय बधिर होतात आणि तोल जातो.

मोतीबिंदू "पिकू दे" म्हणत थांबायची गरज आता राहिलेली नाही. दोन भिंगांचा चष्मा वाचायला ठीक असतो. जिना उतरताना मात्र खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते. चालण्यासाठी फक्त लांबचं दिसेल असा वेगळा चष्मा करून घेतला, तर बाहेर फिरणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

पायांची ताकद

पडण्यावर सगळ्यांत चांगला पुरावा असलेला उपाय व्यायाम हा आहे. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून २०१९ साली मांडलं गेलं. नुसतं सकाळी बागेत फिरल्याने हे साधत नाही. पडण्याच्या भीतीने चालणंच कमी केलं तर पाय आणखी बारीक होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

आधी ताकद तपासा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं, ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला ११ पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय कमजोर आहेत. ऐंशी ते चौऱ्याऐंशीत हेच आकडे ९ आणि १० आहेत. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

घरी करायला तीन व्यायाम पुरेत. खुर्चीतून हात न लावता उठ-बस, दहा वेळा. न जमल्यास खुर्चीवर उशी ठेवून सुरू करा आणि जमू लागलं की उशी काढा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, दहा-पंधरा वेळा. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापुढे ठेवून सरळ रेषेत दहा सेकंद उभं राहणं, आणि स्थिर झाल्यावर तसंच ओट्याच्या कडेने चालणं. आठवड्यातून निदान तीन दिवस हे करावं. घरच्या कुणीतरी रोज चहाच्या आधी सोबत करावं, एकट्याने करायला सांगितलं की आठवड्याभरात बंद पडतं. छातीत दुखणं किंवा नुकतं झालेलं ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

काठी, चपला, कपडे, अंगण

काठी आजोबांच्या उंचीवरून नाही, मनगटावरून मोजतात. हात सैल सोडून उभं राहिलं की मनगटाच्या घडीला काठीची मूठ आली पाहिजे. दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला, ते मेडिकलच्या दुकानात मिळतं.

घरात मोजे घालून किंवा सैल सपाता फटकावत चालू नये. मागे पट्टा असलेली, पातळ पण टणक तळव्याची चप्पल बरी. गाऊन, परकर, लुंगी घोट्याच्या वर राहील अशी शिवा किंवा नेसा.

माळ्यावरचा डबा आणि पंखा पुसणं ही कामं त्यांच्याकडून काढून घ्या. रोज लागणारी भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर आणा. देवपूजेला खाली बसून उठता येत नसेल, तर देव्हारा उंचावर घेऊन खुर्चीवर बसून पूजा करता येते.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि अंगणात शेवाळ धरतं. पावसाची उघडीप पाहून ब्लीचिंग पावडर टाका, पंधरा-वीस मिनिटांनी ताठ खराट्याने घासा आणि धुऊन काढा. तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. तुळशीपर्यंत जायच्या वाटेवर पकडायला लोखंडी कठडा लावून घ्या.

तरीही पडले तर

बगलेत हात घालून लगेच उचलू नका. आधी जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि कुठे दुखतंय ते विचारा. खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, अंगावर चादर घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. मान दुखत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तरी तेच करा. मालिश करणाऱ्याला बोलावू नका.

काही मोडलेलं नसेल, तर त्यांना स्वतः उठू द्या, तुम्ही फक्त खुर्ची जवळ आणा. कुशीवर वळायचं, कोपरावर भार देऊन उठायचं, दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं. मग खुर्चीवर हात टेकायचे, चांगल्या पायाचं पाऊल पुढे ठेवायचं, रेटून उठायचं आणि वळून बसायचं. धडधाकट असतानाच गादीवर हे एक-दोनदा करून घ्यावं, म्हणजे प्रसंगी अंगाला आठवतं. एकटे राहणाऱ्यांनी मोबाइल गळ्यात अडकवावा, टेबलावर ठेवलेला फोन जमिनीवरून हाताला लागत नाही.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठणठणीत बोलत असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अशी गोळी चालू नसेल, तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. सारखी झोप येणं, डोकेदुखी, विसराळूपणा किंवा चाल बदलणं असं काही दिसलं, तर पडल्याची तारीख डॉक्टरांना सांगा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव इतका उशिराही लक्षात येतो.

दर पडण्याची नोंद एका वहीत करा: वेळ, जागा, काय करत होते, पायात काय होतं, शेवटची गोळी आणि शेवटचं जेवण किती वाजता झालं, पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली का आणि पडतानाचं आठवतंय का. पडतानाचं काहीच आठवत नसेल, तर ते घसरणं नसून शुद्ध हरपणं असू शकतं. मग हृदयाची तपासणी आणि ईसीजी त्याच आठवड्यात करून घ्या.